अनुबंध, भावना आणि मानसोपचार

जून महिना उजाडला की वसतिगृहांतून आणि निवासी शाळांतून नवी मुले दाखल होतात. पहिले दोन-तीन दिवस काही मुले रडतात, जेवत नाहीत, फाटकाकडे डोळे लावून बसतात. आठवड्याभरात रडे थांबते. मुले पंगतीला बसू लागतात, घंटेबरोबर उठू लागतात, आणि आपला पाल्य आता रुळला आहे असे अधीक्षक पालकांस कळवितात. बहुतेक वेळा हे खरेही असते. तथापि काही मुलांच्या बाबतीत हा निष्कर्ष चुकीचा ठरतो, आणि ती चूक कधी कधी तीस-चाळीस वर्षांनी उघडकीस येते. तीही शाळेत नव्हे, तर मानसोपचारकाच्या खोलीत. प्रस्तुत लेखात या चुकीचा व तिच्या दुरुस्तीच्या मार्गाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम दोन संज्ञांचा खुलासा करणे अवश्य आहे. मुलाला आपल्या जिवाभावाच्या माणसाविषयी जी ओढ वाटते, भय वाटले असता ज्याच्याकडे ते धाव घेते, त्या नात्यास मानसशास्त्रात अनुबंध म्हणतात. हा अनुबंध केवळ बालपणापुरता नसून तो जन्मभर चालतो. पुढे आईच्या जागी जोडीदार, भावंड, मित्र येतात एवढेच. दुसरी संज्ञा मनोगतिक मानसोपचार ही होय. आपल्या वागण्यामागील कित्येक प्रेरणा आपल्यालाच ठाऊक नसतात, या फ्रॉइडप्रणीत विचारावर ही पद्धती उभी आहे. रुग्ण आणि उपचारक आठवड्यातून एकदा वा अधिक वेळा, ठरलेल्या वारी व ठरलेल्या वेळी समोरासमोर बसून बोलतात. औषध हा या पद्धतीचा भाग नव्हे. मात्र जरूर तेथे औषधे चालू ठेवूनच ही बोलणी होतात.

रडे थांबले म्हणजे दुःख संपले, या समजुतीस पहिला मोठा धक्का दिला तो एका लहानशा मूकपटाने. इंग्लंडमधील जेम्स रॉबर्टसन हे समाजकार्यकर्ते १९४८ पासून लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत डॉ. जॉन बोल्बी यांच्या हाताखाली काम करीत होते. त्या काळी तेथील रुग्णालयांत लहान मुलांना आईबापांनी भेटण्यावर कडक निर्बंध असत. आई येऊन गेली की मूल रडते, सबब तिने येऊच नये, असा व्यवस्थेचा युक्तिवाद होता. रॉबर्टसन यांनी १९५२ साली लॉरा नावाच्या दोन वर्षे पाच महिने वयाच्या मुलीचे चित्रण केले. नाभीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस रुग्णालयात होती. निवडक प्रसंगच टिपले असा आक्षेप येऊ नये, म्हणून चित्रणाच्या वेळा आधीच ठरविलेल्या होत्या.

लॉरा ही आक्रस्ताळी मुलगी नव्हती. ती आपले रडे आवरून धरीत असे. चेहरा कसाबसा सावरून ती मध्येच आईविषयी विचारी आणि पुन्हा गप्प होई. परिचारिकांच्या दृष्टीने ती शहाणी मुलगी होती. आठव्या दिवशी आई न्यावयास आली, तेव्हा लॉरा तिच्याबरोबर निघाली खरी, पण आईने पुढे केलेला हात तिने धरला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी तोच चित्रपट घरी तिच्या नजरेस पडला. तेव्हा ती एकाएकी संतापली, इतका वेळ तू कुठे होतीस असे आईला विचारू लागली, आणि समजूत काढून घेण्यासाठी आईकडे न जाता बापाकडे वळली. जो राग रुग्णालयात दिसलाच नाही, तो कुठे नाहीसा झालेला नव्हता.

अशा अनेक मुलांच्या निरीक्षणावरून रॉबर्टसन यांनी तीन अवस्था सांगितल्या. प्रथम मूल विरोध करते, रडते, शोधते. मग त्याची आशा सुटते व ते खिन्न होते. शेवटी ते अलिप्त होते. हसते, खेळते, कोणाच्याही कडेवर जाते, परंतु आई आली तर तिच्याकडे पाहत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास ही तिसरी अवस्था सर्वांत समाधानकारक वाटते, आणि नेमकी तीच सर्वांत चिंतेची असते. लंडनच्या वैद्यकमंडळींना हा चित्रपट दाखविला तेव्हा अनेकांनी संताप व्यक्त केला. तथापि १९५९ साली तेथील शासकीय समितीने, जी प्लॅट समिती म्हणून ओळखली जाते, आईबापांना मुलांस मुक्तपणे भेटू द्यावे अशी शिफारस केली. शासकीय समितीच्या शिफारशीमागे एका मुलीचा न धरलेला हात असावा, हे विरळाच घडते.

डॉ. बोल्बी (१९०७–१९९०) हे स्वतः मनोविश्लेषक होते. सधन इंग्रज घरातील रीतीप्रमाणे ते दाईच्या हाती वाढले, आणि त्यांची लाडकी दाई ते चार वर्षांचे असताना घर सोडून गेली. शिक्षणाच्या काळात, १९३८ च्या सुमारास, त्यांच्याकडे तीन वर्षांचा एक अतिचंचल मुलगा उपचारासाठी सोपविण्यात आला. त्यांच्या मार्गदर्शक मेलनी क्लाइन यांचा दंडक असा, की मुलाच्या कल्पनासृष्टीचाच विचार करावा. आईशी बोलू नये. आई बाहेर चिंताग्रस्त मुद्रेने बसलेली बोल्बींना रोज दिसे. तीन महिन्यांनी त्या बाईस मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. मुलाच्या मनात काय आहे याबरोबरच त्याच्या घरात प्रत्यक्ष काय घडते आहे हेही पाहिले पाहिजे, हा बोल्बींचा आग्रह अशा अनुभवांतून दृढ झाला. १९६९, १९७३ आणि १९८० साली प्रसिद्ध झालेल्या तीन खंडांत त्यांनी अनुबंधाचा सिद्धांत मांडला. माणसाच्या अत्यंत उत्कट भावना जिव्हाळ्याची नाती जुळताना, टिकताना, तुटताना व पुन्हा जोडली जाताना उद्भवतात, हे त्याचे एक मुख्य सूत्र होय.

त्यांचा १९७९ चा एक निबंध आपल्याकडील शिक्षकांनी अवश्य लक्षात घ्यावा असा आहे. जे मुलाने प्रत्यक्ष पाहिले, ते पाहिलेच नाही असे मोठ्यांनी त्यास सांगितले, तर त्याच्या मनाचे काय होते, हा त्याचा विषय. वडील वारले असता “बाबा मुंबईस गेले आहेत” असे सांगणारी घरे आपल्याकडे काही थोडी नाहीत. हेतू दयेचाच असतो. परंतु आईचे सुजलेले डोळे आणि घरातील कुजबुज मुलाला दिसत असते. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावयाचा की आईच्या शब्दावर, असा पेच पडला की मूल बहुधा आईचा शब्द राखते, आणि आपली जाणीव व तिच्यासोबतची भावना गाडून टाकते.

गाडलेली भावना नाहीशी होत नाही, याला प्रयोगांचा आधार मिळाला तो पुढे. मेरी एन्सवर्थ या विदुषींनी १९५४–५५ मध्ये युगांडातील खेड्यांत आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे घरोघर जाऊन माता व अर्भके यांचे निरीक्षण केले. वर्ष-दीड वर्षाचे मूल अनोळखी खोलीत असताना आई क्षणभर बाहेर गेली व परत आली, तर ते कसे वागते याची त्यांनी एक लहानशी चाचणी बसविली. काही मुले रडतात, आई येताच तिला बिलगतात व शांत होऊन पुन्हा खेळू लागतात. काही मुले बिलगतातही आणि लाथाही झाडतात. त्यांची समजूत लवकर पटत नाही. आणखी काही मुले आईच्या जाण्या-येण्याची दखलच घेत नाहीत व खेळण्यांत मान घालून बसतात. ॲलन स्राउफ व एव्हरेट वॉटर्स यांनी १९७७ साली मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा आई परत आल्यावर निर्विकारपणे खेळणाऱ्या या तिसऱ्या गटातील मुलांचे ठोके बराच वेळ वाढलेलेच आढळले. चेहरा शांत, आणि छातीत मात्र धडधड!

मोठ्या माणसांत हेच कसे ओळखावे? मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास एक मुलाखत तयार केली. तीत आईचे वर्णन करणारी पाच विशेषणे विचारतात आणि मग प्रत्येक विशेषणास बालपणीचा एखादा प्रसंग सांगावयास लावतात. “आई फार प्रेमळ होती” असे म्हणणाऱ्या काही व्यक्तींना त्या प्रेमळपणाचा एकही प्रसंग आठवत नाही. १९९२ साली मेरी डोझियर व रॉजर कोबॅक यांनी अशा मुलाखतीच्या वेळी त्वचेवरील घामाच्या सूक्ष्म बदलाची नोंद घेतली. विरहाचे व झिडकारण्याचे प्रश्न येताच, काही वाटत नाही असे सांगणाऱ्यांच्याच त्वचेने उलट साक्ष दिली. या मुलाखतीचा आणखी एक धडा असा, की सुस्थितीचे गमक सुखी बालपण हे नव्हे. झालेले दुःख न लपविता व त्यात वाहून न जाता सुसंगतपणे सांगता येणे, हे तिचे गमक होय. ज्यांचे बालपण कष्टात गेले अशी माणसेही या अर्थाने सुस्थिर झालेली आढळतात. उपचारांस वाव आहे तो येथेच.

आता प्रत्यक्ष उपचाराकडे वळू. उदाहरणादाखल एका गृहस्थाची कल्पना करू. वय बेचाळीस, कचेरीत लिपिक. झोप लागत नाही, छातीत आवळल्यासारखे होते. हृदयाच्या सर्व तपासण्या निर्दोष. पत्नीची तक्रार एवढीच, की हे घरात असून नसल्यासारखे. सातव्या वर्षी त्यांस शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी मामांकडे ठेवले होते. त्याविषयी विचारता ते म्हणतात, “मामांकडे काही कमी नव्हते. सगळे चांगलेच होते.” प्रसंग विचारला की आठवत नाही.

अशा माणसास “तुमचे दुखणे बालपणातून आले आहे” असे सांगून भागत नाही. ते हे वाक्य नम्रपणे ऐकून घेतात, वहीत टिपूनही ठेवतात, आणि झोप लागत नाही ती नाहीच. फ्रांझ अलेक्झांडर आणि टॉमस फ्रेंच यांनी १९४६ सालीच दाखवून दिले होते, की केवळ समजणे पुरेसे नसते; पूर्वी असह्य झालेला अनुभव अधिक अनुकूल नात्यात पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून उपचारक प्रथम काही खोदकाम करीत नाही. तो वेळ पाळतो, सांगितल्या दिवशी हजर असतो, रजेवर जाणार असल्यास आगाऊ कळवितो. बोल्बींनी यास सुरक्षित आधारस्थान म्हटले आहे. आई अंगणात बसलेली असली की मूल कुंपणापर्यंत जाऊन पाहून येते, तद्वत हा आधार असला की माणूस स्वतःच्या मनाच्या अंधाऱ्या भागात जाऊ धजतो.

समजा, या गृहस्थांच्या उपचारक बाई पाच महिन्यांनंतर दोन आठवडे रजेवर गेल्या. परत आल्यावर गृहस्थ वीस मिनिटे उशिरा येतात. बस चुकली म्हणतात. “तुम्ही नव्हता ते बरेच झाले मॅडम, कचेरीत कामही फार होते.” हा क्षण फार मोलाचा असतो, आणि नवखा उपचारक तो हमखास घालवितो, कारण वरकरणी काही घडलेलेच नसते. आमच्या बाई विचारतात, “मी नव्हते त्या पहिल्या गुरुवारी तुम्ही काय केलेत?” गृहस्थ थांबतात. बाई रजेवर आहेत हे ठाऊक असूनही आपण दवाखान्यापर्यंत आलो होतो, बंद दार पाहून परत गेलो, असे सांगतात. त्यांचा घसा दाटतो. लगेच ते बसच्या वेळापत्रकाविषयी बोलू लागतात. बाई म्हणतात, “आत्ता तुमचा घसा भरून आला होता, आणि आपण बसकडे वळलो. जरा तिथेच थांबू या का?”

थांबल्यावर जे येते ते बहुधा दुःख नसते. प्रथम येतो राग. वडिलांनी एस.टी. स्टँडवर भजी घेऊन दिली आणि आपण खात असता ते न सांगता निघून गेले, हे त्यांना इतक्या वर्षांनी आठवते. रागामागोमाग भय येते, की हे ऐकून बाई नाराज होतील, उपचार बंद करतील. बाई नाराज होत नाहीत, घाईने सांत्वनही करीत नाहीत. पुढील गुरुवारी त्या त्याच वेळी त्याच खुर्चीत बसलेल्या असतात. मग कधीतरी रडे येते, पस्तीस वर्षे उशिराने.

डेव्हिड मॅलन यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात या घडामोडीची दोन त्रिकोणांनी मांडणी केली. पहिल्याच्या तीन टोकांस दडलेली भावना, तिच्यामुळे वाटणारी भीती व त्या भीतीपासूनचा बचाव. आपल्या उदाहरणात राग, बाई सोडून जातील हे भय आणि बसचे वेळापत्रक. दुसऱ्या त्रिकोणात उपचारक, सध्याची माणसे आणि पूर्वीची माणसे. रजेवर गेलेल्या बाई, जिच्याशी मोकळेपणाने बोलता येत नाही ती पत्नी, आणि स्टँडवरून निघून गेलेले वडील या तिघांत एकच धागा आहे, हे गृहस्थांना त्या भावनेच्या भरातच दिसते. पूर्वीच्या नात्यातील भाव आजच्या माणसावर नकळत आरोपित होणे यास भावसंक्रमण म्हणतात. फ्रॉइडला ते आधी अडथळा वाटले; पुढे तेच उपचाराचे मुख्य साधन ठरले.

सर्वच रुग्ण असे कोरडे नसतात. काहींचे नेमके उलटे असते. ते पहिल्याच भेटीत रडतात, रात्री-अपरात्री दूरध्वनी करतात, उपचारकाचा चेहरा किंचित बदलला की आपल्याला टाकले असे समजतात. त्यांच्या बाबतीत आणखी भावना जागविणे हे आगीत तेल होईल. तेथे भावनेला नाव देणे, तिची मर्यादा पाहणे, एक भेट व दुसरी भेट यांमधील काळ सोसावयास शिकणे, हे काम असते. एकाला ओढीपर्यंत आणावयाचे, दुसऱ्याला ओढीत बुडू द्यावयाचे नाही. कोणाचे काय हे ओळखण्यास प्रशिक्षण लागते, म्हणून शिक्षकांनी वा कार्यकर्त्यांनी हौसेने कोणाचे मन उकरू नये, ही विनंती आहे.

ही विद्या पश्चिमेची असली तरी आपल्याकडे ती नवी नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच कलकत्ता येथे भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. आयुष्याची अखेरची वर्षे गोव्यात घालविलेले व २०२४ साली दिवंगत झालेले सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या ग्रंथात भारतीय मुलग्याचे आईशी दीर्घकाळ चालणारे सान्निध्य आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास पुरुषांच्या जगात होणारा त्याचा एकाएकी प्रवेश यांचे विवेचन केले. जे. एस. नेकी यांनी १९७३ साली गुरुशिष्य नात्याचा मानसोपचारासाठी विचार मांडला. आपला रुग्ण उपचारकाकडे गुरू म्हणून पाहतो, त्याच्याकडून उपदेशाची व वडीलकीच्या शब्दाची अपेक्षा करतो. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकाप्रमाणे उपचारक निव्वळ गप्प राहिला, तर येथील रुग्णास ती तटस्थता न वाटता तुटकपणा वाटण्याचा संभव असतो.

एका गैरसमजाचे निरसनही केले पाहिजे. हा सिद्धांत म्हणजे आईवरील आरोपपत्र नव्हे. तसा तो वापरला गेला, हे खरे. मायकेल रटर यांनी १९७२ साली त्याची कसून फेरतपासणी केली आणि केवळ वियोगापेक्षा घरातील कलह, दारिद्र्य, पर्यायी मायेचा अभाव यांचे परिणाम वेगळे करून पाहावयास शिकविले. आजी, काकू, थोरली बहीण यांच्याशीही मुलाचा पक्का अनुबंध जुळतो, हे आपल्या घरांत वेगळे सांगावे लागत नाही. मामांकडे वाढलेली असंख्य मुले सुखात आहेत. आपल्या उदाहरणातील दुखणे मामांकडे राहण्याने झाले नाही. न सांगता निघून जाण्याने, आणि त्याविषयी पुढे कोणीच काही न विचारण्याने झाले.

या उपचारांचा गुण मोजला गेला आहे काय, असे अधिकारीवर्ग विचारील, आणि ते योग्यच आहे. २००७ साली अमेरिकेत दहा अभ्यासांचे एकत्रित परीक्षण झाले. उपचारकाने भावनेच्या अनुभवास वाव देणे व रुग्णात सुधारणा होणे यांत संबंध आढळला. केनेथ लेव्ही व सहकाऱ्यांनी २००६ साली ९० रुग्णांवरील अभ्यासात वर उल्लेखिलेली मुलाखत वापरली. भावसंक्रमणावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीतील रुग्णांत एक वर्षानंतर सुस्थिर गटात गणल्या जाणाऱ्यांची संख्या वाढली. तुलनेच्या इतर दोन पद्धतींत तशी वाढ दिसली नाही. असे असले तरी ही पद्धती वेळखाऊ आहे आणि तिचे प्रशिक्षित उपचारक बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत, हे मान्य करावे लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. आत्महत्येचे विचार, भास, वा वागण्यात एकाएकी झालेला मोठा बदल असल्यास भावनेच्या मुळाशी जाण्याची वाट न पाहता प्रथम तेथे वा जवळच्या शासकीय रुग्णालयात जावे.

राहिला उपचाराच्या समाप्तीचा प्रश्न. शेवटची भेट कधी हे कित्येक महिने आधी ठरवितात, कारण आधी सांगून निरोप घेणे हा या रुग्णांच्या आयुष्यातील बहुधा पहिलाच प्रसंग असतो. मधल्या काळात झोप पुन्हा बिघडते, जुन्या तक्रारी डोके वर काढतात, आणि उपचार फसला असे दोघांनाही वाटू लागते. आपले गृहस्थ शेवटून तिसऱ्या भेटीत वेळेवर येतात, बसतात, आणि म्हणतात, “मॅडम, तुम्ही हे बंद करणार याचा मला राग आला आहे.” बाई म्हणतात, “बोला.”